बेकारीची कारणे व परिणाम : नांदेड-लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

कामाची इच्छा आहे, काम करण्याची कुवत आहे, प्रचलित मजुरी घेण्याची तयारी आहे आणि तरीही काम मिळत नाही, अशा अवस्थेस बेकारी म्हणतात. कला शाखेत अर्थशास्त्र घेतलेल्या आम्हा सर्वांनी ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ केलेली आहे. परंतु ही व्याख्या घेऊन मुखेड, कंधार किंवा जळकोट तालुक्यातील एखाद्या वस्तीत गेले, तर पहिल्याच घरी अडचण येते. त्या घरातील बाई श्रावणात सोयाबीन खुरपते, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि चैत्र-वैशाखात घरी बसून असते. ती बेकार आहे काय? तिचा धाकटा भाऊ बी.ए., डी.एड. होऊन सहा वर्षांपासून भरतीची वाट पाहतो आहे आणि मधल्या काळात चुलत्याच्या पानटपरीवर बसतो. त्याला बेकार म्हणावे की दुकानदार? आणि तीन एकर कोरडवाहूवर राबणाऱ्या चार भावांपैकी नेमका बेकार कोणता?

सरकारी मोजणी या प्रश्नांची उत्तरे आपल्या पद्धतीने देते. २०१७ पासून देशात नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होत आहे. त्यातील सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या पद्धतीनुसार, मागील वर्षात एखाद्याने दुय्यम स्वरूपाचे का होईना ३० दिवस काम केले असेल, तर तो रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही रोजगारातच मोडतो. या पद्धतीने देशातील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाले. म्हणजे वर उल्लेखिलेली बाई रोजगारात, भाऊ रोजगारात आणि शेतातले चारही भाऊ रोजगारात. आकडा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ३.२ टक्के हे वाचून ज्याला आपले गाव आठवत नाही, त्याने तो आकडा नीट वाचलेलाच नाही. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच सांगितले होते की, आपल्यासारख्या शेतीप्रधान देशातील बेकारी एका आकड्यात कोंबता येत नाही.

याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील एकूण बेकारांत तरुणांचे प्रमाण ८३ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. पाहणारास वाटेल की, शिकल्यामुळेच माणूस बेकार होतो. वास्तविक अडाणी माणसास बेकार राहणे परवडत नाही; तो मिळेल त्या मजुरीवर संध्याकाळच्या पिठाची सोय करतो. पदवीधराच्या पाठीशी बाप असतो, आईची मजुरी असते, कधी मोठ्या भावाचा पगार असतो. त्या बळावर तो थांबू शकतो. आपल्या समाजातील शेकडो घरांत आज ही थांबण्याची किंमत कोण मोजीत आहे, हा या लेखाचा खरा विषय आहे.

छुपी बेकारी आणि बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत छुप्या बेकारीचे श्रेय जोन रॉबिन्सन या ब्रिटिश विदुषीस दिले जाते. त्यांनी हा शब्द १९३६ साली वापरला, तोही औद्योगिक देशांतील मंदीच्या संदर्भात. शेतीतील अतिरिक्त माणसांसाठी तो पुढे रूढ झाला. परंतु त्याच्या अठरा वर्षे आधी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनी व त्यावरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सर्व विद्वान म्हणत होते की, शेताचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली. तुकडे एकत्र करा, म्हणजे प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा करून विचारला. शेत लहान की मोठे, हे एकरावर ठरत नाही. त्या एकरावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती माणसे आहेत या प्रमाणावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल फारच थोडे. जे हात रिकामे आहेत ते निर्माण काही करीत नाहीत, पण खातात मात्र. त्यामुळे शिल्लक पडत नाही आणि शिल्लक नाही म्हणून भांडवल साचत नाही. यावर त्यांनी सुचविलेला उपाय औद्योगिकीकरणाचा होता. रिकामे हात शेतीबाहेर काढा, म्हणजे शेतीही सुधारेल.

आज शंभर वर्षांनंतर स्थिती काय आहे? २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ४६ टक्के कामकरी माणसे शेतीवर आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. निम्म्याच्या जवळपास माणसे एक पंचमांशाहून कमी उत्पन्न वाटून घेत आहेत. चार भावांपैकी एक पुण्याला गेला तरी तीन एकरांचा उतारा जर तेवढाच राहतो, तर तो एक भाऊ आजवर कागदोपत्री शेतकरी आणि प्रत्यक्षात बेकार होता, असे म्हणावे लागते. तीन एकरही ज्यांना नाहीत अशा आपल्या बांधवांना मात्र छुपे बेकार होण्याचीही सोय नाही. त्यांची बेकारी उघडी असते.

आपल्याच दोन जिल्ह्यांत असे का?

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार व लातूरची २४ लाख ५४ हजार होती. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. हा सर्व मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, पण त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलास शाळाच दूर, मग महाविद्यालयाचे नाव कोठून? नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि बाबासाहेबांच्या संस्थेचे औरंगाबादचे महाविद्यालय, दोन्ही १९५० ची. मुंबई-पुण्याकडे तोपर्यंत पदवीधरांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या.

कारखानदारीचेही तेच. नांदेडला निजामी काळात उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली. गिरणीच्या भोंग्यावर अर्धे शहर उठत असे, असे जुनी माणसे सांगतात. पुढे ती आजारी गिरण्यांच्या यादीत जाऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि शेवटी बंद पडली. गिरणी कामगाराचा मुलगा ऑटोरिक्षा चालवू लागला. लातूरचा जोर व्यापारावर. तूर, डाळ व तेलबियांची मोठी बाजारपेठ. डाळमिल आणि आडत दुकान यांत हमालास व मुनीमास काम मिळते, परंतु पदवीधरास फारसे नाही. बार्शी लाईटची अरुंद रेल्वेपट्टी रुंद व्हायला एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडले. कच्चा माल आणायचा व पक्का माल न्यायचा म्हटल्यावर कारखानदार रेल्वे, पाणी आणि बंदर पाहतो. पाण्याची स्थिती एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिली, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले होते.

हे मागासलेपण कोणास ठाऊक नव्हते असेही नाही. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा व विदर्भास शासकीय नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे ठरले होते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आले. त्यात तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व राज्याच्या सेवेतील पुरेशा संधी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजला. राज्याचा एकूण ३ हजार १८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींच्या आसपास. वैधानिक विकास मंडळे मात्र १९९४ साली आली, म्हणजे कलमानंतर अडतीस वर्षांनी, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आमच्या मते यातील सर्वांत मोठे नुकसान रस्त्यांचे वा कालव्यांचे नाही. तंत्रशिक्षणाची सोय वेळेवर न झाल्याने दोन पिढ्या केवळ बी.ए. झाल्या, हे नुकसान पैशांत मोजता येत नाही. आम्हीही त्याच रांगेतले.

शेतीत मजुरीचे दिवसही घटले. पूर्वी ज्वारी, कापूस, भुईमूग अशी मिश्र पिके होती. कापसाच्या वेचणीवर बायकांना दोन-तीन महिने काम मिळे; ज्वारीची काढणी, खळे, कडबा यांत घरच्या सर्वांना मिळे. गेल्या तीस वर्षांत लातुरात व पाठोपाठ नांदेडातही सोयाबीन पसरले. हे शंभर-एकशेदहा दिवसांचे पीक. तण नाशकाने मरते, मळणी यंत्रावर होते, आता काही ठिकाणी कापणीही हार्वेस्टरने होते. शेतकऱ्याचे यात चुकले असे म्हणता येत नाही. त्याला मजूर परवडत नाही. मात्र त्याच्या खर्चातून जो रुपया वाचला, तो भूमिहीन बाईच्या पदरातून गेला.

पदव्यांचे कारखाने

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे युग आले. आपल्याकडे अभियांत्रिकीपेक्षा डी.एड.-बी.एड.चे पीक जास्त आले. दोन वर्षांत मास्तर, हे गणित प्रत्येक बापास पटले. कोणी एकर विकले, कोणी बायकोचे डोरले. पुढे शिक्षक भरती जवळजवळ थांबली, डी.एड. विद्यालये ओस पडून बंद झाली, प्रमाणपत्रे मात्र पेटीत राहिली. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे नेट-सेट झालेले प्राध्यापक आम्ही पाहतो. उन्हाळ्यात त्यांचा तास नसतो, म्हणून मानधनही नसते. हाताखालून गेलेला विद्यार्थी जर शिपाई म्हणून कायम झाला, तर त्याचा पगार यांच्या दुप्पट असतो. यास अर्धबेकारी म्हणतात.

लातूरची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील महाविद्यालयांनी दहावी-बारावीच्या गुणवत्तेचा ‘लातूर पॅटर्न’ उभा केला आणि शहरच शिकवणीवर जगू लागले. वसतिगृहे, खानावळी, झेरॉक्सची दुकाने, अभ्यासिका, रिक्षा हा सर्व रोजगार खरा आहे व तो आपल्याही मुलांना मिळाला आहे. यातून डॉक्टर झालेली गरिबाची मुले आहेत, त्यांचा आम्हास अभिमान वाटतो. परंतु या शहरात दरवर्षी जेवढी मुले येतात, त्यांपैकी बहुतेकांना वैद्यकीय प्रवेश मिळत नाही आणि त्यांचे पुढे काय झाले याचा फलक कोणत्याही चौकात लागत नाही.

जी मुले उरतात ती स्पर्धा परीक्षेकडे वळतात. २०२४ साली राज्यात पोलीस भरती झाली. १७ हजार ४७१ पदांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेस शंभर. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. त्या परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गास १००० व राखीव प्रवर्गास ९०० रुपये होते. नऊशे रुपये म्हणजे शेतमजूर बाईची तीन-चार दिवसांची मजुरी, आणि असे अर्ज एक मुलगा वर्षात चार-पाच भरतो. वयोमर्यादा खुल्यास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षे. ही सवलत न्याय्यच आहे, तिला आमचा विरोध नाही. परंतु तिचा एक परिणाम असाही होतो की, चाळिशी येईपर्यंत मुलगा ‘यंदा नक्की’ म्हणत राहतो. आमच्या पाहण्यातील अभ्यासिकांत अशी पस्तिशीची मुले आहेत. अभ्यासात ती कमी नाहीत. शंभरातील नव्याण्णवांना जागाच नाही.

आणि जागाही बदलत चालली आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कायम पदे आटत गेली. आमच्याच क्षेत्राचे उदाहरण घ्या. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले, संगणक आले, आणि ज्या शाखेत पूर्वी बारा कारकून होते तेथे आता तीन-चार दिसतात. शिपायाचे व सफाईचे काम कंत्राटावर गेले. आरक्षण हे कायम शासकीय पदास लागते. कंत्राटदाराच्या हजेरीपटास लागत नाही. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला होता, तो विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. तो रद्द झाला हे चांगलेच झाले, पण निर्णय न काढताही तेच काम कार्यालयाकार्यालयांत चालू असते, याकडे आपल्या संघटनांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. आरक्षणाचा टक्का वाचवायचा आणि ज्यावर तो टक्का लागतो ती पदेच नाहीशी होऊ द्यायची, हा कसला व्यवहार?

स्वयंरोजगार : बँकेच्या खिडकीतून

नोकरी नसेल तर धंदा करा, असे सर्व वक्ते सांगतात. याबाबत बँकेत बसणारास थोडे अधिक दिसते, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचा १९८० नंतरचा काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. म्हशी वाटल्या गेल्या. तपासणीस आलेल्या साहेबास एकच म्हैस तीन गावांत दिसत असे, हा विनोद त्याच काळातला. १९८३ ची सुशिक्षित बेकारांसाठीची योजना, २ ऑक्टोबर १९९३ ची पंतप्रधान रोजगार योजना, महात्मा फुले महामंडळाचे बीजभांडवल, २०१५ ची मुद्रा, २०१६ ची स्टँड-अप इंडिया ही नावे बदलत गेली, आणि प्रत्येक वेळी थकबाकीची यादी वाचून कोणीतरी म्हणाले की, या लोकांना पैसा पचत नाही. आम्हास हे मान्य नाही. कर्ज बुडण्याची कारणे कागदांतच असतात.

मुद्रातील ‘शिशु’ गटाचे ५० हजारांचे कर्ज घ्या. तीन वर्षांची मुदत व ११ टक्के व्याज धरले, तर हप्ता सुमारे १ हजार ६४० रुपये येतो. एखाद्या तरुणाने किराणा दुकान टाकले. त्याला घरखर्चास महिना १० हजार हवेत, म्हणजे हप्त्यासह ११ हजार ६४० सुटले पाहिजेत. किराण्यात शेकडा दहा सुटतात असे मानू. मग महिन्यास १ लाख १६ हजारांची, म्हणजे रोज ३ हजार ९०० रुपयांच्या आसपास विक्री झाली पाहिजे, आणि ५० हजारांचा माल महिन्यात दोनदा पूर्ण फिरून वर उरला पाहिजे. दोनशे उंबऱ्यांच्या गावात आधीच तीन दुकाने आहेत. शिवाय उधारी. उधारी न दिली तर गिऱ्हाईक येत नाही, दिली तर सुगीपर्यंत पैसा येत नाही आणि हप्ता तर दर महिन्यास येतो. हा हिशोब कर्ज देण्यापूर्वी कोणी मांडत नाही. मार्चअखेर उद्दिष्ट पुरे करायचे असते, म्हणून प्रकल्प अहवाल टायपिंगच्या दुकानातून एकाच नमुन्याचे छापून येतात. नाव बदलायचे, बाकी तेच.

दुसरे कारण खेळत्या भांडवलाचे. यंत्र घेण्यास कर्ज मिळते, त्यावर चालवायचा माल घेण्यास मिळत नाही. झेरॉक्स यंत्र आले, कागद व टोनरला पैसे नाहीत. शिलाई यंत्रे आली, कापडाचा गठ्ठा नाही.

तिसरे कारण कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. आपल्या वस्तीतील मुलाने गावाच्या चौकात चहाचे वा खाणावळीचे दुकान टाकले, तर तेथे कोण बसते आणि कोण बसत नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. मोबाईल दुरुस्ती, वेल्डिंग, ट्रॅक्टरची कामे, विजेची मोटार भरणे अशा धंद्यांत हा अडथळा कमी येतो, कारण बंद पडलेली मोटार दुरुस्त करणाऱ्यास कोणी जात विचारीत नाही. म्हणून आमचा असा स्पष्ट अभिप्राय आहे की, आपल्या तरुणांनी विकण्याच्या धंद्यापेक्षा दुरुस्तीच्या धंद्याकडे आधी पाहावे. हा अभिप्राय सर्वांना रुचणार नाही, कारण त्यात हात काळे होतात आणि घरी पदवी फ्रेममध्ये लावलेली असते.

परिणाम

ऊसतोडीचे सर्वांना माहीत आहे, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुकादमाकडून मिळणारी उचल हे खरे तर व्याज न लिहिलेले कर्ज आहे आणि ते श्रमाने फेडायचे असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसे राहतात किंवा मुले सोबत जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर चार-पाच महिने गैरहजेरी लागते. त्याच मुलाचे नाव वीस वर्षांनी पुन्हा एका कोयत्यात येते. धर्माबाद-बिलोली-देगलूरकडची माणसे तेलंगणात निजामाबाद-हैदराबादकडे बांधकामावर व वीटभट्टीवर जातात. लातूर-अहमदपूरची पिंपरी-चिंचवड, चाकणकडे. शहरात गेलेला परत येत नाही असे नाही, पण येतो तो आजारी पडल्यावर.

घरात त्याचा परिणाम लग्नावर दिसतो. नोकरी नसलेल्या मुलास मुलगी मिळत नाही आणि नोकरी असलेल्या मुलाचा भाव वाढतो. बाबासाहेबांच्या नावाने साधे लग्न लावणाऱ्या आपल्या समाजातही तो वाढला आहे. शिकलेल्या मुलीचे तर नावच बेकारांच्या यादीत येत नाही. एम.ए. झालेली सून घरकाम करते. ती काम शोधीत नाही म्हणून मोजणीत बेकार ठरत नाही. ती का शोधीत नाही, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही.

सामाजिक परिणाम याहून गंभीर आहे. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले, त्यात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता आणि विद्यार्थी एकत्र होते. चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नांदेड-परभणी जिल्ह्यांत वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. यामागे जातीचा अहंकार होता यात शंका नाही. परंतु ज्या तरुणांनी हातात पेट्रोल घेतले त्यांतील कित्येकांच्या मनात, आपली नोकरी हे लोक घेतात, ही भावना भरविण्यात आली होती, असे आमचे वाचन आहे. नोकऱ्या मुळात किती निर्माण झाल्या, हे विचारण्याऐवजी शेजाऱ्याच्या ताटात पाहण्यास त्यांना शिकविले गेले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्यानंतरही आरक्षणावरून मराठवाड्यात जी आंदोलने व प्रतिआंदोलने झाली, त्यांत भांडण ज्या पदांसाठी आहे ती पदे वर्षागणिक कमी होत आहेत, हे दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून फारसे ऐकू येत नाही.

दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले. पुरोहिताने सांगितले की, दंड करून हे थांबणार नाही. शेती करणारास बी-बियाणे द्या, व्यापार करणारास भांडवल द्या, सेवा करणारास वेतन द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उत्तरात रोजगाराचे तीनही मार्ग आले आहेत आणि रिकाम्या हातास फटका मारण्याचा सल्ला नाही. आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. महाराष्ट्राने त्या दिशेने एक पाऊल टाकले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. आमच्या पगारातून दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्याचा उगम हाच. पगारदारांनी कुरकुर करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. त्या योजनेने ७२ च्या दुष्काळात खडी फोडून कित्येक कुटुंबे जगविली, त्यांत आपली बरीच होती. पदवीधरासाठी मात्र त्यात काही नव्हते.

जमिनीचा मार्ग उरतो. गायरानावरील १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. ज्यांच्याकडे त्या वेळचा पुरावा होता, त्यांतील काहींच्या नावावर जमिनी झाल्या. ज्यांनी दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या नाहीत ते आजही कसतात, पण सातबारा नाही, म्हणून पीक कर्ज नाही व विमा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेत भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत वा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद २००४ पासून आहे. अडचण अशी की, शासनाच्या दराने जमीन विकणारा मिळाला पाहिजे. रस्त्यालगतची जमीन कोणी त्या दराने देत नाही आणि जी मिळते तिला अनेकदा पाणी नसते.

लातूरजवळ मराठवाडा रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा कारखान्यास फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तेथे व अन्यत्र शिकाऊ जागा निघतात. त्यांची जाहिरात पदवीधराच्या अभ्यासिकेत लागत नाही, कारण ती त्याच्यासाठी नाही असे त्याने आधीच ठरविलेले असते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच सुट्टीत आयटीआयचा अल्प मुदतीचा एखादा अभ्यासक्रम करता येतो, आणि केला म्हणून तलाठ्याची परीक्षा देता येत नाही असेही नाही.

संस्थेच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे एक कपाट भरले आहे. त्याच्या शेजारी आयटीआयच्या व्यवसायांची यादी, महात्मा फुले महामंडळाचे अर्ज आणि गायरान प्रकरणांच्या शासन निर्णयांच्या प्रती ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. बँकेत काम करणारे आम्ही काही जण पुढाकार घेऊन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास बसण्यास तयार आहोत. कर्ज प्रकरण दाखल करण्यापूर्वी येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, पॅन, यंत्राचे कोटेशन आणि जागेचा भाडेकरार घेऊन यावे. टायपिंगच्या दुकानातील छापील अहवाल आणू नये. वहीच्या एका कागदावर रोज किती गिऱ्हाईक येईल, उधारी किती द्यावी लागेल आणि पावसाळ्यात धंदा किती बसेल, एवढे स्वतःच्या हाताने लिहून आणावे.